डाव्या हातासाठी माउस

वागुर, ४ मार्च

चि. हेयिनला ताईचे आशीर्वाद.

वि. वि. तू पाठवलेला बिनवायरचा माउस पोचला आणि कपाटात गेला. माझा कॉम्प्युटर सतरा वर्षांचा आहे, त्यात ब्लूटूथ नाही, हे तुला तीनदा कळवलं होतं. तरी दुकानदार कुठेही चालेल म्हणाला आणि तू मान डोलावलीस. धन्य आहे तुझी!

वायरचाच वापर, असं पुन्हा लिहू नकोस. उजवा हात आजारपणात लुळा पडला. डाव्या हाताने वापरायचा तर वायर कीबोर्डवरून आडवी जाते आणि कॉफी सांडते. नवा कॉम्प्युटरही नको, विणकामाच्या नक्ष्या काढायचा प्रोग्रॅम त्यावर उघडत नाही.

आईच्या स्वेटरांच्या एकोणीस नक्ष्यांपैकी सतरा काढून झाल्यात. विणकाम मंडळ मे महिन्यात त्यांचं पुस्तक छापायला देणार. राहिलेल्या दोन आपल्याबरोबर जाऊ नयेत, एवढंच म्हणणं आहे. प्रकृतीला जप.

तुझी,
रानव्हाताई

ऑर्हूस, १५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने कान लाल झाले. आज तीन दुकानं पालथी घातली. हा दुसरा माउस पाठवतोय. याच्याबरोबर नखाएवढा तुकडा येतो, तो यूएसबीच्या खाचेत खुपसायचा. ब्लूटूथ लागत नाही, तुझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरलाही चालेल. दोन्ही बाजूंनी सारखा आहे, म्हणजे डाव्या हाताला बोचणार नाही. एक पेन्सिल सेल लागतो, तो आत घातलाय.

आता तरी कपाटात टाकू नकोस. राग आवर, माया असू दे.

तुझा,
हेयिन

वागुर, २८ मार्च

चि. हेयिनला आशीर्वाद.

तुझा तो नखाएवढा तुकडा शोधण्यात माझे दोन दिवस गेले. खोका फाडला, कचरा उपसला, तुझा उद्धार केला. शेवटी शेजारची सुसान्ना आली. तिने माउसचं झाकण उघडलं, तर सेलच्या शेजारीच बसलाय! पोटात लपवायचं कुणाला सुचलं असेल?

मग बाण उड्या मारायला लागला. टेबल काचेचं आहे, त्याला काच चालत नाही म्हणे. खाली चर्चचं जुनं मासिक ठेवलं, तेव्हा ताळ्यावर आला.

अठरावी नक्षी झाली. एकोणिसावी बाबांच्या स्वेटरची. ती मला येत नाही. बाबांबरोबर शेवटचा स्वेटरही समुद्रातच राहिला, फोटोसुद्धा नाही. पण पाय मोडून तू हिवाळाभर पडून होतास, तेव्हा आईने तुला ती शिकवली होती. पोरं हसतील म्हणून तू मला शपथ घातलीस. अठ्ठावन्न वर्षं मी तोंड उघडलं नाही. आता तू उघड. पुरे झाली लाज.

तुझी,
ताई

ऑर्हूस, १२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

आठवून लिहायला बसलो, तर डोकं कोरं. चिडून लोकर आणि सुया विकत आणल्या. दुकानातल्या बाईंनी कोण विणणार विचारलं, तर बहीण, असं खोटं सांगितलं.

चारदा उसवलं. पाचव्यांदा हातांना आपोआप आठवत गेलं. विणलेला वीतभर तुकडा सोबत पाठवतोय. बाबांची फार आठवण आली. पुस्तकात माझं नाव घालशील तर बघ!

तुझा,
हेयिन

वागुर, २७ एप्रिल

चि. हेयिनला खूप खूप आशीर्वाद.

तीन दिवस डाव्या हाताने टाका टाका मोजत नक्षी काढली. ऐन मध्यावर माउसचा सेल संपला, आणि झेंडादिनाच्या सुट्टीमुळे दुकान बंद! भिंतीवरच्या घड्याळातला काढून घातला. सध्या घरात वेळच कळत नाही.

तुझ्या तुकड्यात नवव्या ओळीत एक काळा टाका शेजारच्या चौकोनात गेलाय. तुझा धांदरटपणा, दुसरं काय, असं म्हणत मी तो पुसायला निघाले आणि हात थांबला. बाबांच्या दर स्वेटरला आई तिथेच चुकायची. तिला उसवायचं असायचं, आणि बाबा उसवू द्यायचे नाहीत. हे मी पार विसरून गेले होते रे. बसून रडले.

तुझं नाव घातलंय, हवं तेवढं ओरड. मंडळाच्या बायकांनी काल नक्षी पाहिली आणि तो टाका सरळ करू का, म्हणून विचारलं. मी त्यांना सांगितलं, खबरदार कुणी आईला हात लावाल तर.

तुझी,
ताई