सत्तावीस फ्लॉप्या आणि एक आवाज

३ जून १९९६, सातारा
नवा पॉवर मॅक घेतला. जुना मॅक पान उघडताना धापा टाकतो. मी टाकत नाही.
छापखानेवाला गुंडा म्हणाला, "बाई, ह्याच्या चिपची जातच येगळी हाय." जात हा शब्द माझ्या घरात चालणार नाही, असं बजावलं. "बरं, खानदान," म्हणाला.
रविवारपर्यंत सगळं नव्यावर नेणार. दोन शाळा चालवल्या, एक कॉम्प्युटर हलवता येणार नाही?
शिवाय मायाचा आवाज बंद होईल. धाकटी बहीण. तीन वर्षांपूर्वी सुट्टीला आली आणि मशीनच्या माइकमध्ये बोलून ठेवलं: "अक्का, चुकलीस गं!" तेव्हापासून चूक झाली की टण् वाजायच्या जागी माया बोलते. पुढे तिच्या आम्रपालीचं लग्न ठरलं. व्याह्यांनी पाठवलेल्या इंग्रजी पत्रिकेत सात चुका होत्या. मी लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवली. त्यावरून अबोला. दोष कुणाचा, हे मी लिहायची गरज नाही.

५ जून
तीन बदल्या काढल्या आहेत. सामान हलवताना मी केरसुणीसुद्धा मागे ठेवलेली नाही. त्यामुळे सिस्टीम फोल्डरही नेला, म्हणजे मशीन ज्याच्यावर चालतं ते सगळं. फाइली मोठ्या, फ्लॉपी लहान, म्हणून तुकडे करून. सत्तावीस फ्लॉप्या. गुंडाला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतं.

८ जून, सकाळी
नवं मशीन सुरू होत नाही. पडद्यावर फ्लॉपीचं चित्र, त्यात प्रश्नचिन्ह. मिचमिचतंय.

८ जून, दुपारी
गुंडा येऊन गेला. "बाई, बैलाचं जू ट्रॅक्टरला बांधलंत व्हय!" म्हणे जुनी सिस्टीम जुन्या चिपचीच. नव्या चिपला नवी लागते. ती त्याने सीडीवरून घातली. जुने प्रोग्राम चालतील, कारण आत एक दुभाष्या बसवलाय. तो एकेक हुकूम नव्या चिपला समजावून सांगतो, म्हणून जरा वेळ लागतो.
माझी चूक नाही. हे आधी सांगायला हवं होतं.

१० जून
माझ्या शाळेच्या आठवणी, पत्रं, मराठी फॉन्ट, सगळं सुखरूप पोचलं. गुंडाने विचारलं, "त्या ताईंचा आवाज जुन्या सिस्टीमात हाय. काढून देऊ?" म्हटलं, नको. त्याने परत विचारलं. म्हटलं, मी एकदा सांगितलेलं पुरतं. त्याने जुनी डिस्क पुसली आणि मशीन दहिवडीला आपल्या मेव्हण्याकडे पाठवलं.
सुटले.

१२ जून
चूक झाली की नुसतं टण्. काय शांतता! आठवणींची दोन पानं लिहायची ठरवली. अर्धं झालं.

१५ जून
स्पीकर तपासला. जिथे दाबायचं नाही तिथे मुद्दाम अकरा वेळा दाबलं. अकरा वेळा टण्. स्पीकर उत्तम आहे.

१८ जून
स्पीकर परत तपासला.

२० जून
गुंडाला बोलावून विचारलं, पुसलेल्यातलं काही निघतं का. केवळ रेकॉर्ड पूर्ण असावं म्हणून. "पुसलं म्हंजे पुसलं, बाई. मी दोनदा इचारलंवतं." दोनदा विचारायचं, तर तीनदा का नाही?

२३ जून, रविवार
सातच्या एस.टी.ने सांगलीला मायाकडे निघाले आहे. पिशवीत टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट. काम निव्वळ तांत्रिक. दोन शब्द घ्यायचे आणि बाराच्या गाडीने परत.

२४ जून
बाराची गाडी मिळाली नाही. संध्याकाळची मिळाली.
माया दार अडवून उभी. "तीन वर्षांनी आलीस ती हे डबडं घेऊन?" मी सिस्टीम, चिप, दुभाष्या, सगळं नीट समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग बटण दाबलं आणि टेपरेकॉर्डर माझ्याकडे वळवला. "आधी तू बोल."
मी म्हटलं, त्या पत्रिकेत खरंच सात चुका होत्या. ती म्हणाली, "आणि आठवी?"
कॅसेट फिरत होती. वाया जात होती. म्हणून बोलले.
नेमकी कुकरची शिट्टी झाली. "ऐकू नाही आलं, अक्का. परत." परत बोलले. मग तिला म्हटलं, आता तुझं. "माझी काय चूक झालीय? जेवायला बस." वांग्याला मीठ जास्त होतं. सांगितलं नाही. हे नोंदवून ठेवते.

२६ जून
गुंडाने कॅसेट जोडून आवाज मशीनमध्ये घातला. आता चूक झाली की माझ्याच आवाजात येतं: "माया, चुकलं माझं." मागून कुकरची शिट्टी, आणि शेवटी माया हसते.
गुंडा खाली मान घालून वायर गुंडाळत होता. म्हणाला, "बाई, शेवटचं हसणं काढून टाकू?"
म्हटलं, राहू दे.
सकाळपासून चौदा चुका. आठवणींचं पान तिथेच आहे.