दादाच्या वाट्याचे शब्द

४ मार्च
दादाला झटका येऊन दोन महिने झाले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, रोज त्यांच्याशी बोला आणि उत्तरासाठी थांबा. शब्दांच्या बाबतीत मला शिकवणार! लहानपणापासून आमची शब्दसाखळी चालू आहे. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, आणि वस्तू डोळ्यांसमोरची हवी. संकल्प: रोज साडेपाचला दादाकडे. एप्रिलअखेर दादा बोलता.

५ मार्च
सुरुवात झकास. मी म्हटलं 'चादर'. दहापर्यंत आकडे मोजले. मग त्याच्या वतीने मीच 'रुमाल' म्हटलं. त्याने डोळे मिटले. विचार करतोय.

११ मार्च
दुकानात गिऱ्हाइकाने कुलूप मागितलं. डोक्यात 'पक्कड' आलं, हातानेही पक्कडच दिली. मालक नको नको ते बोलले. प्रॅक्टिस म्हणजे काय, हे त्यांना कळायचं नाही.

१९ मार्च
स्कोअर: दादा ४१, मी ३८. मुद्दाम हरतोय. पेशंटचा उत्साह टिकला पाहिजे. दहापर्यंत मोजण्यात फार वेळ जातो, उद्यापासून पाच.

२ एप्रिल
वहिनी म्हणाल्या, भावजी, आज खेळ राहू द्या ना. बिचाऱ्या. दिवसभर त्याच्या ओठांकडे बघत असतात. म्हणाल्या, एक शब्द बोलले तरी पुरे, मग काही मागणार नाही. मी म्हटलं, गॅरंटी.

१४ एप्रिल, संध्याकाळ
काय डाव झाला! दादाच्या वतीने 'मूठ' टाकलं आणि मीच अडकलो. ठ! अख्खी खोली नजरेने पालथी घातली. मध्येच दादा काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, थांब रे, माझा टर्न आहे. आणि सापडलं! उशीच्या अभ्र्याला 'ठिगळ'! वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. काय म्हणाले, काय म्हणाले? मी म्हटलं, ठिगळ.

तोच दिवस, घरी आल्यावर
दादा बोलला होता.
काय बोलला, आठवत नाही. दोन अक्षरं होती की तीन, तेही नाही. हरकत नाही. सुरुवात झालीय, उद्या पुन्हा बोलेल.

१७ एप्रिल
सकाळी दुसरा झटका. दादा गेला.

२९ एप्रिल
वहिनी रोज विचारतात, आठवलं का? त्या संध्याकाळचे माझे सगळे शब्द ओळीने आठवतात. त्याचा एकच होता, तो नाही. लाज वाटते.

३ मे
ठरवून गेलो. खोटं तर खोटं, त्यांच्या जिवाला बरं वाटेल. म्हटलं, वहिनी, आठवलं. दादाने तुम्हाला हाक मारली होती, नेहमीसारखी.
वहिनी म्हणाल्या, ते मला कधी हाक मारायचेच नाहीत, भावजी. टेबलावर बोटं वाजवायचे, की मी यायचे.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या. जाता जाता म्हणाल्या, आता नाही हो विचारणार.