‘सुम्मा’ नावाची खूण

वेस्ट मांबलम, चेन्नई
१४ ऑगस्ट २००५

तीर्थरूप आईस हट्टी लेकीचा नमस्कार.

आम्ही दोघं बरी आहोत. माझ्या चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे?

‘चाळिशीत कॉम्प्युटर कशाला शिकतेस?’ असं विचारलंस, म्हणून सांगते. आमच्या संस्थेने साठ बायकांच्या मुलाखती घेतल्यात. त्या कॉम्प्युटरवर वाचून वाक्यांना खुणेची नावं द्यायची. मग बटण दाबलं की एका नावाची सगळी वाक्यं एकत्र येतात. शिकताना माझं काम दोनदा पुसलं गेलं. पुन्हा केलं.

‘काय काम करता?’ यावर बऱ्याच जणी ‘सुम्मा’ म्हणाल्या होत्या, म्हणजे काही नाही, नुसती घरी असते. मी त्यालाच खूण केली आणि त्यापुढे त्या जे बोलल्या तेही त्याच खुणेखाली घातलं. आमचे साहेब वेंकटरमण म्हणाले, “हे उत्तरच नाही. काढून टाका.”

“सर, आधी पुढचं वाचा,” म्हणत मी बटण दाबलं. एकेचाळीस जणी पडद्यावर आल्या. कुणी पाणी भरते, कुणी फुलं गुंफून विकते, कुणी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं करते. “ही खूण काढायची तर मलाही कामावरून काढा.” मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

साहेबांनी एकूण एक ओळ वाचली. खूण राहिली. संस्थेच्या अहवालात त्यावरचं प्रकरण मीच लिहायचं ठरलंय.

हे हल्ली स्वतःचा डबा स्वतः भरतात. कुरकुरतात, पण भरतात.

नोकरी सोड, असं आता लिहू नकोस. लिहिलंस तरी मी सोडणार नाही.

तुझी,
ऊर्मी