आक्का, दोर तू का ओढलास?

प्रिय आक्का,

काल तुझ्या वस्तीवर बैठक झाली. तलावाच्या उतारावर तुझ्या नावाची पाटी लावायचं ठरलं. शिवाय कुणी पुढारी नवी काहील देणार आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर आले. तेरला माझ्या घरी येऊन स्वयंपाक केला, भांडी घासली, तरी राग जाईना. म्हणून लिहायला बसले. राग तुझ्यावरच आहे. आणखी कुणावर काढू?

नळदुर्गच्या अलीकडं फाट्यावर एसटीतून उतरलं की झाडीतली ती वाट लागते. आधी बाभळी, मग करंजांची गार सावली, आणि एकदम पाणी. पलीकडं तुझी वस्ती. पूल नाही, होडी नाही. दोन काठांच्या झाडांना ताणून बांधलेला दोर आणि गूळ रांधायची जुनी लोखंडी काहील. तिच्यात उकिडवं बसायचं, दोर हातानं धरायचा आणि स्वतःच स्वतःला ओढत न्यायचं. मला ते कधी जमलं नाही. काहील गरगर फिरायची आणि तू काठावरून खिदळायचीस, "शालन, पाण्यात फुगडी घालायलीस का गं?"

उतरल्यावर काहिलीला गाठ मारायची नाही, हा तुझा दंडक. पलीकडच्या माणसाला ती तिला बांधलेल्या बारीक दोरीनं ओढून घेता यावी म्हणून. कुणी तो मोडला नाही. मागून येणाऱ्याची एवढी काळजी करणारी ही माणसं. त्यांची काळजी कुणी केली?

रविवारी सोलापूरची मंडळी फिरायला यायची. झाडीतून चालायची, काहिलीत बसून फोटो काढायची. एक बाई म्हणाली होती, "इथं पूल नको हं कधी. सगळी मजा जाईल." तू हसलीस. वर तिला ओंजळभर बोरं दिलीस!

आणि ते साहेब? पुलाची जागा बघायला आले होते. आदल्या दिवशी तू काहील राखेनं घासलीस. कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलीस. साहेबांची पँट भिजू नये म्हणून आत पोतं अंथरलंस, आणि दोर स्वतः ओढलास. पिठलं-भाकरी खाऊन साहेब म्हणाले, "मावशी, तुमची तर झकास सोय आहे की!"

"व्हय साहेब. पाऊस आसू का ऊन, आमचं काय अडत न्हाय."

मी तुला कोपरानं ढोसलं. तू मला चुलीपाशी नेऊन दटावलंस, "गप बस. पाव्हण्यापुढं कुणी रडगाणं गातं का?"

पाहुणा नव्हता तो, आक्का! कामाला आलेला माणूस होता. त्याला अडचण दाखवायची होती. तू पाहुणचार दाखवलास. तो पुन्हा फिरकला नाही.

मग ती सकाळ. तुझ्या छातीत कळ आली. तुला बाजेवर घालून पाण्यापर्यंत आणलं. बाज काहिलीत मावेना. शेवटी तुला बसवलं, समोर भाऊजी. तिसऱ्याला जागा नाही. मध्यावर भाऊजींना दोर आवरेना, काहील फिरायला लागली. तुझ्या दहाव्याला ते मला सांगत होते, "मला म्हणाली, आना हिकडं, तुमास्नी न्हाय जमायचं. आन् दोर घेतला की माझ्या हातातून."

छातीत कळ असताना! तू काहील काठाला लावलीस. फाट्यावर जीप उभी होती. मागून आलेल्यांनी झाडीतून उचलून तिथवर नेईपर्यंत तू गेली होतीस.

उतरताना म्हणालीस म्हणे, गाठ मारू नका. हे ऐकून लोकांचे डोळे भरतात. मला चीड येते. एकदा तरी बोंब मारायचीस ना! मला न्या रे, असं एकदा तरी म्हणायचंस!

काल मी बैठकीत म्हटलं, पाटी लावा, पण पुलावर. सरपंच म्हणाले, "ताई, आक्कानं हयातभर निभावलंच की." बघ, तुझंच उदाहरण माझ्या तोंडावर फेकतात. तुझ्या नावानं आणखी किती जणींना दोर ओढायला लावणार?

तुझी सून पोटुशी आहे. तीही तुझ्याच तालमीतली. "मावशी, मी ओढते की. सवय हाय," म्हणाली. मी तुझ्या लेकाला सांगितलं, तिची पिशवी भरली आणि तिला तेरला घेऊन आले. इथून दवाखान्यापर्यंत रस्ता आहे. बाळंत होईपर्यंत ती माझ्याकडं.

एक सांगू? काल जाताना झाडी संपली आणि सवयीनं मी हाक मारली, "आक्काऽऽ, काहील आण!" पलीकडून कुणी ओरडलं नाही, "आले गं, वरडू नगंस!" मग तुझा लेक काहील घेऊन आला.

नवी काहील द्यायला पुढारी येणार आहेत, सोबत तेच साहेबही. त्या दिवशी मी तिथं असेन. ऐक, मी तुला शब्द देते. काहील कुणी घासणार नाही. हळदीकुंकू नाही, पोतं नाही, पिठलं-भाकरी नाही. दोघांना काहिलीत बसवीन, दोर त्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, ओढा. मध्यावर गरगरायला लागले तरी मी दोराला हात लावणार नाही. काठावरून एवढंच विचारीन, "साहेब, सोय कशी आहे?"

तुझी,
दोर कधीच न जमलेली
शालन