गेटजवळचा स्पीडब्रेकर

रविवार, संध्याकाळचे सात

गाडी गेली! आज रडू येईल वाटलं होतं, आणि मी वेड्यासारखा हसतोय.

माझी जपानी स्पोर्ट्स कार मीच हौसेने इतकी खाली बसवून घेतली होती, की सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं. म्हणून आठ वर्षं आई तिथे उतरायची, दहा पावलं चालायची आणि परत बसताना ऐकवायची, "छान! गाडी घेतलीस आणि आईला पायी चालवलंस."

याआधी बघायला आलेल्या तिघांनी नुसता इंजिनाचा आवाज काढला, रील बनवलं आणि त्याच ब्रेकरवर गाडी खरवडली. तिघांनाही मी नाही म्हणालो. मग विकायची तरी होती का मला?

आज खडकीहून कांबळेबाई आल्या. कारखान्यातून निवृत्त झालेल्या, सोबत यजमान. चक्कर मारायला त्या चालवायला बसल्या, मी मागे कसाबसा कोंबलेला. ब्रेकर दिसला, मी तोंड उघडणार, तोच त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, उतरा." मग आरशातून मला, "आपणही."

माझ्याच गाडीतून मला उतरवलं! आणि गाडी तिरकी घालून एकेक चाक असं अलगद पलीकडे नेलं, की मी तिथेच मनातल्या मनात चावी देऊन टाकली.

सह्या झाल्या, त्या निघाल्या. ब्रेकरला यजमान निमूट उतरले. तेवढ्यात वरून, आमच्या गॅलरीतून, आईचा आवाज आला,

"हळू हो बाई! पोट घासतं तिचं!"