तिघांतलं एकच

रविवार, ३ मार्च

आज चर्चमध्ये आम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं. मी, माझा नवरा वेंडेल आणि आमची तीन भ्रूणं! म्हणजे ती अजून नॉक्सव्हिलच्या क्लिनिकमध्ये गोठलेलीच, पण नावं मात्र रविवारच्या पत्रकावर छापलेली. सायलस, जोएल, हॅना. मुलगा की मुलगी देव जाणे, तरी बायबल वर्गातल्या बायका बारसं उरकून मोकळ्या.

ही भ्रूणं जिने दिली, त्या ग्रेचनची आठवण आली. तिला उपचारांतून दोन मुलं झाली, ही तीन उरली. अठरा जोडप्यांची पत्रं वाचून तिने आम्हाला निवडलं. आमचं पत्र मीच लिहिलं होतं — ‘तिघांनाही आमच्या घरात जागा आहे. एकालाही मागे ठेवणार नाही.’

त्रेचाळीस वर्षांची आहे मी. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात उभी असते. असलं लिहिताना हात कसा अडखळला नाही?

सोमवार, ११ मार्च

उद्या दोन वितळवून पोटात ठेवणार. तिसरं नंतर कधीतरी. जेवणाआधी वेंडेलने हात धरून प्रार्थना केली, “प्रभू, तिघंही सुखरूप येऊ देत.” मी मोठ्याने आमेन म्हटलं. मग न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि माझं खरं मागणं मागितलं. एकच दे. दोन मला झेपणार नाहीत. एकच.

मंगळवार, १२ मार्च

पहिलं वितळताना गेलं. दुसरं तगलं. जोडीला म्हणून तिसरं काढलं — तेही गेलं. पोटात एकच ठेवलं.

मागितलं तेवढंच मिळालं. येताना वेंडेल गाडी कडेला घेऊन रडला. मला सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखं! भूकसुद्धा लागली होती. थू माझ्या जिण्यावर.

गुरुवार, १४ मार्च

पाळकांची बायको लोरेटा आली. हातात चिकन-नूडल्सचं भलं मोठं भांडं, अजून गरम. “रविवारी त्या दोघांसाठी प्रार्थना ठेवलीय गं. पण पत्रकात नावं घालायची, तर... गेले ते कोण कोण?”

भिंगाखालच्या ठिपक्यांवर कोणी नावं लिहून ठेवली होती का? ‘मला काय ठाऊक’ म्हणायचं सोडून मी म्हणाले, “सायलस आणि जोएल.” टोपलीतले दोन बटाटे उचलावेत तसं! ती डोळे पुसत म्हणाली, “आईला बरोबर कळतं.”

रविवार, १७ मार्च

दोन मेणबत्त्या. आठ बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या; मीही डोळे पुसले, कोरडेच. फ्रिजमध्ये तीळभर जागा उरली नाही, एवढं जेवण आलंय.

सोमवार, १८ मार्च

ग्रेचनचा फोन. दोन गेल्याचं वेंडेलने तिला कळवलं होतं. “तू रडलीस ना त्यांच्यासाठी? मला सहा वर्षांत एकदाही जमलं नाही बघ. पोरांना शाळेत सोडायच्या गडबडीत मी ती तीन विसरूनच जायचे. योग्य घरी दिली मी त्यांना.”

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते “तुझे उपकार आहेत गं.” आता माझ्या खोट्या आसवांपायी ती बिचारी स्वतःला वाईट आई समजतेय. खोटं बोलले मी, आणि खाली मान तिने घालायची!

शुक्रवार, २२ मार्च

रक्ततपासणी झाली. दिवस गेलेत! वेंडेल अंगणात नाचला, शेजारचा कुत्रा भुंकून भुंकून दमला. मलाही हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. “त्या दोघांच्या वाट्याची मायाही यालाच देऊ,” म्हणतो. त्याला सांगायला हवं. पण आज कसं सांगू?

रविवार, ३१ मार्च, ईस्टर

नाही सांगितलं. हॅम छान झालं होतं.

गुरुवार, ११ एप्रिल

सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. “आपण ठेवलं होतं एकच. पण त्याचीच दोन झालीत. जुळी आहेत. हे बघा, दोन्ही ठोके.”

वेंडेलला खुर्ची द्यावी लागली. गाडीत बसल्यावर मी त्याला न्हाणीघरातली प्रार्थना सांगितली. शब्दन् शब्द. पुढच्या सिग्नलला त्याने ब्रेक दाबला. मग म्हणाला, “आता काय मागणार आहेस?”

“काही नाही,” म्हटलं. “तू गाडी हळू चालव.”