पप्पा ड्युटीवर जातात

५ जानेवारी, उंब्रज
शाळेत फिल्म बनवायच्या कार्यशाळेचा दुसरा आठवडा. आठवीची दहा पोरं, पाच मोबाईल. मुख्याध्यापक सारखे खिडकीतून डोकावतात. त्यांना त्यांच्या परसबागेची फिल्म हवी आहे, मला पक्कं ठाऊक आहे. तोंडानं मात्र "मुलांना हवं ते करू द्या, मॅडम."

पोरांना आज एकच सांगितलं. दिसतं त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. हा माणूस इथे का उभा आहे, ते आधी विचारायचं. आयुष्यभर लग्नाचे व्हिडिओ एडिट केलेत मी. पाठवणीत कोण खरं रडतंय आणि कोण कॅमेऱ्यासाठी, लगेच कळतं. वैष्णवी म्हणाली, "मॅडम, मंग तुमचा कुणावरच इश्वास न्हाई व्हय?" आगाऊ आहे. आवडली.

तिची फिल्म वडिलांवर. फौजी. सुट्टीवर आलेत, दोन-तीन दिवसांत परत जाणार.

९ जानेवारी
वै.नं वडील निघतानाचं शूटिंग आणलं. छान आहे. फारच छान. आई ओवाळते, हातावर दही ठेवते. आजी लेकाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडते. अख्खी गल्ली स्टँडपर्यंत सोडायला. आईचं रडणं खरं, त्यात शंका नाही.

बॅग मात्र खटकली. कित्येक महिन्यांसाठी जाणारा माणूस, एवढी फुगलेली बॅग, आणि उचलतो एका बोटानं? वै.ला विचारलं. "पप्पा लय ताकदीचं हायत." आणि एसटीवर पाटी सांगलीची. म्हणे मिरजेहून रेल्वे आहे. असेल. मेली सवयच वाईट माझी, चांगलं काही दिसलं की...

१३ जानेवारी, कुपवाड
सांगलीजवळची माझी दुसरी शाळा. इथली नववीची पोरं एमआयडीसीतल्या सकाळच्या पाळीवर फिल्म करतायत. समीरचा शॉट सगळ्यांत भारी. कंपनीचं गेट, दुचाक्यांची रांग, धुकं. मालकाची गाडी येते आणि वॉचमन टाचा जुळवून सॅल्यूट ठोकतो. शूट करता करता पोरं हसलीत, तेही आलंय आवाजात: "कसला कडक मारतोय बघ!" मी टाळ्या वाजवल्या.

पोरं गेल्यावर शॉट परत लावला. थांबवला. मोठा करून पाहिला. चार दिवस हाच चेहरा एडिट करतेय मी.

वैष्णवीचे पप्पा.

१४ जानेवारी
पोरांनी तिळगूळ दिला. लक्ष नव्हतं. दुसरं घर असेल का सांगलीत? की पळून आलाय फौजेतून? की कधी फौजेत नव्हताच? बायकोला, म्हाताऱ्या आईला, पोरीला, सगळ्यांना फसवतोय. राग येतोय. पोरीनं केवढ्या कौतुकानं शूट केलंय ते.

१६ जानेवारी
गेटवर गेले. "कुणाला भेटायचंय?" वैष्णवीची मॅडम म्हटल्यावर चेहराच उतरला त्यांचा. चहाच्या गाड्यावर घेऊन गेले.

"वरीस हून गेलं. काडलं मला फौजेतनं. चूक माजीच हुती, लय नका इचारू."

घरात कुणाला माहिताय?

"मालकिणीला. आईला न्हाई, पोरीला न्हाई. आवं मॅडम, फौजीची आई म्हणून गावात चालती ती. तेवड्यावर उबी हाय."

म्हणजे बायकोला माहीत होतं. तरी तिनं ओवाळलं, गल्लीसमोर. ते रडणं खरं आहे असं मी ठरवलं होतं. खरंच होतं. कशासाठी ते मला कळलं नव्हतं, एवढंच.

हे सगळं तरी खरं कशावरून? माहीत नाही. पण त्यांच्या चहावर साय धरली, कप उचललाच नाही त्यांनी.

शॉटचं सांगितल्यावर त्यांचं एकच मागणं. शनिवारी दोन्ही शाळांच्या फिल्म त्यांच्याच गावात, देवळापुढे पडदा लावून दाखवायच्यात. समीरचा शॉट तेवढा काढा.

१९ जानेवारी, कुपवाड
नियम माझाच. ज्यानं शूट केलं, त्याला विचारल्याशिवाय त्याचा शॉट कापायचा नाही. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता. आता भोगा.

समीरला म्हटलं, गेटचा शॉट जरा लांबतोय. "तुम्हीच टाळ्या वाजवल्या की, मॅडम." खरं कारण सांगितलं तर आणखी एका तोंडात ते जाणार. पुन्हा तेच म्हटलं, लांबतोय. त्यानं डोळे बारीक केले. "कंपनीवाल्यांनी सांगितलं काय? माझ्या भावानं बघितलंय तुम्हाला, त्या वॉचमनबरोबर चहा पिताना."

शिकवण फळाला आली म्हणायची. विचार करतो म्हणाला. रोज मोबाईल माझ्याकडे देऊन जातो, आज घरी घेऊन गेला.

२१ जानेवारी, उंब्रज
मुख्याध्यापकांनी पडदा, स्पीकर, सतरंज्या, सगळं आपणहून जमवलं. परसबाग घुसवणार कुठेतरी. समीरचा निरोप नाही. गेटचा शॉट राहणार की जाणार, कळेना.

वै.ला फिल्मच्या शेवटी पप्पांचा आवाज हवा होता. माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर, आणि दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्डिंग.

"पप्पा, तिकडं थंडी हाय का?"

"लय हाय, बाळा. नुसता बरफ."

तेवढ्यात त्यांच्या मागे भोंगा झाला. कारखान्याचा, पाळी सुटल्याचा. लांबलचक. संपेचना. मला वै.कडे बघवेना.

"जेवलासा का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बरं. ठिवते."

मग लॅपटॉपपुढे बसली. तो तुकडा परत परत ऐकला. म्हणाली, "मॅडम, मागचा आवाज काडता येतो का? पप्पांचा ठिवून?"

कमी कसा करायचा ते दाखवलं. पूर्ण जात नाही म्हटलं.

"ऱ्हाऊ दे मंग. आजीला कमीच ऐकू येतंय."

तुला ठाऊक आहे का, विचारणार होते. फाइल तेवढी सेव्ह करून दिली.

शनिवारी आजी पहिल्या रांगेत बसणार आहे. नजर मात्र अजून चांगली आहे तिची.